तीन माणसं, तीन ‘म्हणजे’

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीत एका सोमवारी सकाळी साडेसहाला सगळे नळ कोरडे ठणठणीत. दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरले तर लिफ्टपाशी सभा भरलेली. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणत होते, “पहाटे दोन ते पाच वीज नव्हती. पंखा बंद पडला, तेव्हाच मला जाग आली. आपला पंप विजेवर चालतो, त्याला जनरेटर नाही. म्हणजे त्या तीन तासांत वरच्या टाकीत एक थेंबही चढलेला नाही.”

शेजारच्या काकूंना ते पटेना. “वीजबीज काही नाही हो. आजचा धरून चार सोमवार झाले, चारही सोमवारी पाणी गेलं. म्हणजे पुढच्याही सोमवारी जाणार, लिहून ठेवा.”

वॉचमन नवा, आठवडाच झालेला. तो म्हणाला, “खालची टाकी काठोकाठ भरलीय. पंप चालू आहे, हात लावला तर चटका बसतो. तरी वर पाणी नाही. म्हणजे गच्चीवरचा व्हॉल्व कुणीतरी बंद केलाय.”

तिघांच्याही तोंडी ‘म्हणजे’ होतं. ऐकताना एकच शब्द, पण प्रत्येकाच्या ‘म्हणजे’ने उचललेलं ओझं वेगळं होतं. मला हे सुचायला कारण होतं. आदल्याच रात्री घणसोलीहून भाचीचा फोन आला होता. ती अकरावीला आहे, तर्कशास्त्र घेतलंय. “मावशी, निगमन आणि विगमन दोन्हींच्या व्याख्या पाठ आहेत. पण उदाहरण समोर आलं की कुठलं कुठलं तेच कळत नाही.” मी फोनवर जे सांगितलं ते धड नव्हतं. नेमकं उदाहरण लिफ्टपाशी उभं होतं, एक रात्र उशिरा.

काकांचा तर्क निगमनाचा. काकूंचा विगमनाचा. बी.एड. केलेल्यांना हेच दोन अवगामी आणि उद्गामी या नावांनी भेटतात. वॉचमनचा तर्क तिसऱ्या जातीचा, आणि त्याला मराठीत सर्वांच्या तोंडी बसलेलं नाव नाही. इंग्रजीत त्याला अ‍ॅबडक्शन म्हणतात. त्या शब्दाचा रोजचा अर्थ अपहरण, त्यामुळे तो उसना घेऊनही काही उजेड पडत नाही. मी त्याला उलगड्याचा तर्क म्हणते. समोर कोडं असतं, आणि ते ज्या गोष्टीने उलगडेल ती गोष्ट घडली असावी असं आपण धरतो.

आता भाचीने पाठ केलेली व्याख्या. निगमन म्हणजे सामान्याकडून विशेषाकडे, विगमन म्हणजे विशेषाकडून सामान्याकडे. ही व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि घोळाचं मूळ तीच आहे. ठाण्यानंतर कळवा, कळव्यानंतर मुंब्रा. म्हणजे ठाण्यानंतर मुंब्रा. यात तिन्ही विधानं एकेका ठरावीक स्टेशनाबद्दल आहेत, तरी हे शुद्ध निगमन आहे. उलट, आजवरच्या प्रत्येक गणपतीत निदान एक सर तरी आली, म्हणजे यंदाच्या गणपतीतही येईल: इथे सगळ्या गणपतींवरून आपण एका गणपतीवर आलो, व्याख्येप्रमाणे ‘सामान्याकडून विशेषाकडे’. पण हे विगमन आहे. सामान्य आणि विशेष बघत बसलात तर मार्क गेलेच.

मग बघायचं काय? मी भाचीला एकच प्रश्न विचारायला सांगितला: आत्ता नवीन माहिती आली तर या ‘म्हणजे’चं काय होईल?

काकांचं बघा. वीज नव्हती, पंप विजेवर चालतो, जनरेटर नाही, एवढं खरं असेल तर कितीही नवीन माहिती आणा, आज सोमवार आहे, पाऊस पडतोय, प्लंबर गावाला गेलाय, तरी ‘पंपाने पाणी चढवलं नाही’ याला धक्का लागत नाही. काकूंचं तसं नाही. पुढच्या सोमवारी पाणी आलं तर त्यांचं म्हणणं एकदम मरत नाही, पण थोडं ढिलं पडतं. त्यानंतरच्या सोमवारीही आलं तर आणखी ढिलं. आणि वॉचमनचं? कुणीतरी गच्चीवर जाऊन व्हॉल्व उघडाच असल्याचं पाहून आला, की त्याचं म्हणणं तिथल्या तिथे कोसळतं. टाकी भरलेली होती, पंप तापला होता, ही त्याची सगळी निरीक्षणं खरीच राहतात. पडतो तो फक्त त्यावर उभारलेला निष्कर्ष.

निगमनाची ही ताकद माणसाला फार पूर्वी कळली. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी ३८४ ते ३२२ या काळात होऊन गेलेल्या अ‍ॅरिस्टॉटलने या तर्काचे साचे पहिल्यांदा पद्धतशीर मांडले. पण ताकदीची किंमत अशी, की निगमन आपल्या पदरात नवीन काही टाकत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जे सुरुवातीच्या विधानांत दडलेलं असतं तेच निष्कर्षात बाहेर येतं. आणि आडातलं पाणीच गढूळ असेल तर पोहराही गढूळ भरू शकतो. तर्क बिनचूक आणि निष्कर्ष खोटा, हे एकाच वेळी होऊ शकतं. म्हणून तर्कशास्त्रात युक्तिवाद ‘वैध’ असतो आणि विधान ‘सत्य’ असतं. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. काकांच्या बाबतीत हा फरक पुढे फार मजेशीर रीतीने दिसला, ते शेवटी सांगते.

निगमनात माणसं चुकतात ती बहुतेक उलट्या दिशेने जाताना. कल्याणला जाणारी प्रत्येक स्लो लोकल डोंबिवलीला थांबते. माझी गाडी डोंबिवलीला थांबली, म्हणजे ती स्लो? नाही, फास्टही तिथे थांबते. पण स्लो कोपरलाही थांबतेच. म्हणून गाडी कोपरला न थांबता पुढे गेली, तर मात्र ती स्लो नाही हे नक्की. ‘असं असेल तर तसं’ या वाक्यातून दोन वाटा खुल्या असतात: असं आहे, म्हणून तसं, आणि तसं नाही, म्हणून असंही नाही. बाकीच्या दोन वाटा, तसं आहे म्हणून असं, किंवा असं नाही म्हणून तसं नाही, दिसायला सारख्याच, पण त्या भिंतीवर रंगवलेल्या दारांसारख्या. डोकं आपटतं.

यावर एक कोडं आहे. ठाणे स्टेशनच्या पुलावर टीसी उभा आहे. नियम असा: फर्स्ट क्लासच्या डब्यातून जो आला त्याच्याकडे फर्स्टचं तिकीट हवं. चार माणसं समोर आहेत. पहिला फर्स्टच्या डब्यातून उतरताना टीसीने पाहिलाय, तिकीट खिशात आहे. दुसऱ्याला सेकंडमधून उतरताना पाहिलाय, त्याचंही तिकीट खिशात. तिसऱ्याच्या हातात फर्स्टचा पास दिसतोय, पण तो कुठून उतरला माहीत नाही. चौथ्याच्या हातात सेकंडचं तिकीट, तोही कुठून उतरला माहीत नाही. नियम मोडला गेलाय का हे शोधायचं, तर कुणाकुणाकडे चौकशी करायची?

रोज लोकलने जाणारा माणूस क्षणात सांगतो: पहिला आणि चौथा. सेकंडमधून उतरलेल्याकडे काय आहे याचं टीसीला घेणंदेणं नाही, आणि फर्स्टचा पासवाला कुठल्याही डब्यातून येऊ दे. आता हेच कोडं पत्त्यांवर लिहा. १९६६ मध्ये पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने तसंच केलं होतं. पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसरीला आकडा, आणि नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसरीला सम संख्या हवी. कुठले पत्ते उलटून बघायचे? चांगली शिकलीसवरलेली माणसंही तिथे धडाधड चुकली. बहुतेकांनी स्वराचा पत्ता उलटला, तो बरोबर, आणि समसंख्येचाही उलटला, जो उलटण्याची गरज नाही. विषम संख्येच्या पत्त्याला, म्हणजे आपल्या चौथ्या माणसाला, फार थोड्यांनी हात लावला. पुढे १९८२ मध्ये हाच साचा बिअर पिणाऱ्याचं वय तपासण्याच्या रूपात दिला, तेव्हा बहुतेकांना जमला. डोकं तेच, साचा तोच. माणसाला नुसत्या चिन्हांपेक्षा फुकट्या लवकर सापडतो.

विगमनासाठी मराठीत तयार म्हण आहे: शितावरून भाताची परीक्षा. एक शित बोटांत दाबून अख्ख्या पातेल्याबद्दल बोलायचं. विगमनाचा निष्कर्ष हातातल्या पुराव्याच्या पुढे उडी मारतो. म्हणून तो कधीच शंभर टक्के पक्का नसतो, आणि म्हणूनच तो काही नवीन सांगू शकतो. पण शिताची परीक्षा चालते का, हे विचारलं पाहिजे. चालते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर, सारख्याच पाण्यात शिजलेला असतो. कुकरच्या खालच्या डब्यातल्या भातावरून वरच्या डब्यातल्या डाळीची परीक्षा करणारी बाई मला तरी माहीत नाही. एक शित पुरतं की शंभर लागतात, हे आकड्यावर ठरत नाही. ते शित बाकीच्या भाताचं प्रतिनिधी आहे की नाही, यावर ठरतं.

ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात रोहित येतात, म्हणजे फ्लेमिंगो. खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला. ऐरोलीहून बोटीतून लांबून गुलाबी थवा पाहिलेला कुणीही सांगेल, रोहित गुलाबी असतात. हजारो शितं पाहिली, सगळी गुलाबी. मग कुणीतरी दुर्बीण हातात देतं, आणि थव्यात मळकट राखाडी पक्षी दिसतात. ती याच जातीची पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो. युरोपातल्या लोकांची हीच फजिती हंसांनी केली होती. सगळे हंस पांढरे, यावर शतकानुशतकं कुणाचं दुमत नव्हतं. १६९७ मध्ये डच खलाशी विलेम द व्लामिंग ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला आणि तिथे काळे हंस निघाले.

आपल्याकडचं ताजं उदाहरण पावसाचं. मुंबईत मोसमी पाऊस यायची सर्वसाधारण तारीख हवामान खाते ११ जून धरतं. २०२० पर्यंत ती १० जून होती. जास्त वर्षांच्या नोंदी हाताशी आल्या तेव्हा एक दिवस पुढे सरकवली. विगमन असंच जगतं, नोंदी वाढल्या की सरकतं. २०२५ मध्ये तो पाऊस २६ मे रोजीच आला. छत्र्या माळ्यावर होत्या. म्हणून ११ जून ही तारीख खोटी ठरली का? नाही. ‘साधारण’ या शब्दाला आपण जरा जास्तच टेकलो होतो, इतकंच.

विगमनावर सगळ्यात कडवा आक्षेप स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७३९ मध्ये घेतला. आजवर सूर्य रोज उगवला म्हणून उद्याही उगवेल, असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? उद्याचा काळ कालच्यासारखाच असेल, या भरवशावर. तो भरवसा कुठून आला? आजवर तसंच होत आलंय, यावरून. म्हणजे विगमन खरं मानायला आपण विगमनच साक्षीला उभं केलं. या आक्षेपाला सर्वांना मान्य होईल असं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, आणि तरी आपण सकाळचा गजर लावून झोपतो.

काकूंच्या सोमवारांवर काका लगेच म्हणाले होते, “कावळा बसायला नि फांदी तुटायला.” संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. शंका रास्त होती, पण ती मोजता येते. समजा पाणी आठवड्यातून एकदा, कुठल्याही वारी, निव्वळ योगायोगाने जातंय. चार आठवड्यांत चारही वेळा सोमवारच येण्याची शक्यता २,४०१ मध्ये एक. मात्र काकूंनी सोमवार आधी सांगून ठेवलेला नव्हता. चारही वेळा गुरुवार आला असता तर त्यांनी गुरुवार धरला असता. म्हणून खरा हिशोब ‘चारही वेळा एकच वार, मग तो कुठलाही’ असा करायचा, आणि तो येतो ३४३ मध्ये एक. पहिल्याइतका दणदणीत नाही, पण कावळ्याच्या नावावर खपवण्याइतका स्वस्तही नाही.

जाता जाता भाचीसाठी एक: गणितात ‘गणिती विगमन’ नावाची रीत आहे. नाव विगमन, जात निगमनाची. पहिल्या संख्येसाठी खरं, आणि कुठल्याही संख्येसाठी खरं असेल तर तिच्या पुढच्या संख्येसाठीही खरं, हे दोन्ही सिद्ध केल्यावर सगळ्यांसाठी ते खरं असतंच. तिथे राखाडी पिल्लू निघायची सोय नाही.

तिसऱ्या तर्काला वेगळं आसन दिलं ते अमेरिकेच्या चार्ल्स पर्स या तत्त्वज्ञाने (१८३९–१९१४). १८७८ मध्ये त्याने तिन्ही तर्क एका पोत्यातल्या घेवड्याच्या दाण्यांवर समजावले. त्याचा साचा इतका सुरेख आहे की मी भाचीसाठी त्यात फक्त माल बदलला आणि वाशीच्या बाजारातून एक पेटी आणली.

पेटीतले सगळे आंबे देवगडचे आहेत. टेबलावरचे आंबे या पेटीतले आहेत. म्हणजे टेबलावरचे आंबे देवगडचे. हे निगमन, यात सुटका नाही.

टेबलावरचे आंबे या पेटीतले आहेत. ते देवगडचे आहेत. म्हणजे पेटीतले सगळेच देवगडचे असणार. हे विगमन. आणि पेटीचा वरचाच थर बघून असं म्हणणाऱ्याला काय मिळतं ते वाशीला पेटी घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जाणता गिऱ्हाईक गवतात हात घालून खालचा आंबा काढतो. ते शित ढवळून काढलेलं असतं.

पेटीतले सगळे आंबे देवगडचे आहेत. टेबलावर देवगडचे आंबे दिसतायत. म्हणजे टेबलावरचे आंबे या पेटीतले, कुणीतरी पेटी फोडली! हा उलगड्याचा तर्क. घरात लहान मुलं असतील तर तो सहसा बरोबरही निघतो.

विधानं तीनच, फक्त त्यांच्या जागा बदलल्या. आणि शेवटचा तर्क नीट पाहिलात तर लक्षात येईल, की तो ‘डोंबिवलीला थांबली म्हणजे स्लो’ याच साच्याचा आहे. निगमन म्हणून तो नापास. टेबलावरचे आंबे शेजारणीने दिलेले असू शकतात. तरीही डॉक्टर तापाचं निदान याच वाटेने करतात, मेकॅनिक गाडीचा आवाज ऐकून याच वाटेने बोलतो, आणि आई मुलाचा चेहरा बघून परीक्षेचा निकाल याच वाटेने ओळखते. फरक एवढाच, की हा तर्क ‘असलंच पाहिजे’ म्हणत नाही, ‘असावं’ म्हणतो. तो ‘असलंच पाहिजे’ म्हणायला लागला की चोर सोडून संन्याशाला फाशी होते. सोसायटीच्या सभांत ती वरचेवर होते.

या तर्काचं यश आणि अपयश एकाच माणसाच्या हातून झालेलं पाहायला मिळतं. युरेनस ग्रह हिशोबापेक्षा थोडा वाट सोडून चालत होता. फ्रान्सच्या ल व्हेरिएने म्हटलं, पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असावा, आणि तो कुठे असेल तेही गणिताने काढलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गॅलेने दुर्बीण तिकडे वळवली, तर नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही अशीच एक बारीक गडबड दिसली. ल व्हेरिएने १८५९ मध्ये तोच उपाय काढला: सूर्याजवळ आणखी एक लपलेला ग्रह असावा. त्याला व्हल्कन हे नावही मिळालं. कैक वर्षं लोक तो शोधत होते. तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि बुधाची ती गडबड कुठल्याही ग्रहाविना सुटली. दोन्ही वेळा तर्काचा साचा तंतोतंत तोच होता. एकदा ग्रह निघाला, एकदा नियमच बदलावा लागला.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या जुन्या पंडितांनी, हे सगळं वेगळ्या मांडणीत पाहिलं, आणि भाचीच्या डोक्यातला आणखी एक गुंता तिथून येतो. न्यायदर्शनात अनुमान पाच पायऱ्यांत मांडतात. मुंब्र्याचा डोंगर घेऊ. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. म्हणजे इथे ‘निगमन’ हे पाचव्या पायरीचं नाव आहे, अख्ख्या तर्कप्रकाराचं नाही. एकाच विषयाच्या एकाच वर्षात हा शब्द दोन अर्थांनी समोर आला तर मुलांनी करायचं काय?

या पाच पायऱ्यांत मला सगळ्यात आवडते ती तिसरी. चुलीचं उदाहरण देऊन नैयायिक सांगतो, की धूर आणि आगीचं हे साहचर्य मी कुठेतरी पाहिलंय. निगमनाच्या पोटात विगमन बसवलंय. आणि त्या साहचर्याची, म्हणजे व्याप्तीची, तपासणीही कसून व्हायची. जिथे धूर तिथे आग, ठीक. जिथे आग तिथे धूर म्हणाल? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धूर व्हायला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटलं. शिवाय धूर म्हणून जे दिसतंय तो धूरच आहे का? जुलैत लोकलच्या खिडकीतून मुंब्र्याचा डोंगर बघा, अर्धाअधिक पांढऱ्या लोटांत बुडालेला असतो. ते धुकं आणि ढग. तिथे तर्क शुद्ध असून हेतूच पडलेला असतो.

उलगड्याचा तर्कही त्यांच्याकडे आहे. नदीला पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला. कार्यावरून कारणाकडे जाणारं हे अनुमान, याला शेषवत् म्हणतात. त्यावर आक्षेपही त्यांनीच नोंदवला: पाणी कुठे अडल्यामुळेही नदी फुगेल की! आज उल्हास नदीकाठचा माणूस म्हणेल, धरणाचे दरवाजे उघडले असतील की! नैयायिकाचं उत्तर असं, की आम्ही नुसत्या फुगण्यावरून बोलत नाही. पाणी गढूळ आहे, वेग वाढलाय, फेस आहे, पानं-लाकडं वाहून येतायत, हे सगळं मिळून पाऊस सांगतं. म्हणजे एका खुणेवर विसंबू नका, जी खूण दुसऱ्या कारणाला बसणार नाही ती शोधा. मीमांसा या दुसऱ्या दर्शनाच्या पंडितांनी, मीमांसकांनी, तर याच धर्तीचं अर्थापत्ती नावाचं वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं: देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे, म्हणजे रात्री जेवतो. (चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ आणि रताळ्याचा कीस खाणाऱ्या देवदत्ताचा विचार मीमांसकांनी केलेला दिसत नाही.)

तर आमचं पाणी. दहा वाजता प्लंबर आला. त्याने आधी गच्चीवर माणूस पाठवला. व्हॉल्व उघडा होता. वॉचमनचा निष्कर्ष गेला. मग त्याने पंपावर हात ठेवला, आवाज ऐकला आणि म्हणाला, “एअर पकडली असणार.” हा उलगड्याचा तर्क. मग म्हणाला, “एअर असेल तर प्लग खोलल्यावर आत पाणी दिसणार नाही.” हे निगमन. पंप बंद करून त्याने प्लग खोलला, आत कोरडं. बादलीभर पाणी ओतून प्लग लावला, पंप सुरू केला, आणि वरच्या टाकीत पाण्याचा आवाज आला. अंदाज बांधायचा, त्यातून काय दिसायला हवं ते काढायचं, आणि जाऊन बघायचं: पर्सच्या मते विज्ञान याच क्रमाने चालतं. प्लंबरने त्याचे साडेतीनशे घेतले.

पण एअर सोमवारीच का? हे विचारलं काकूंनी, आणि त्यांनी विचारलं नसतं तर कुणीच विचारलं नसतं. रविवारी प्रत्येक घरात वॉशिंग मशिन, गॅलरी धुणं, पाहुणे. रात्रीपर्यंत खालची टाकी तळाला. पंप पहाटे चारला टायमरवर सुरू होतो आणि बाहेरचं पाणी टाकीत येतं पाचला. मधल्या तासात पंप पाण्याऐवजी हवा ओढायचा. नंतर टाकी भरली तरी हवेने भरलेला पंप नुसता फिरत तापत राहायचा. भरलेली टाकी, गरम पंप, कोरडे नळ आणि सोमवार, चारही एका धाग्यात आले. आधीच्या तीन सोमवारी जुन्या वॉचमनने पंपात पाणी ओतून वेळ मारून नेली होती आणि तो काम सोडून गेला होता.

आणि काकांची वीज? ती गेलीच नव्हती. दुपारी त्यांच्या मुलाने चौकशी केली तर कळलं, पहाटे त्यांच्याच फ्लॅटमधला एका खोलीचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा विजेचा खटका, पडला होता, तो पाचला त्याच्या आईने उठून वर केला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. काकांचा युक्तिवाद त्या दिवशी तिघांत सगळ्यात निर्दोष होता. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की वैध आणि सत्य यांतला फरक तिला पुन्हा समजवावा लागला नाही.

त्या आठवड्यात कमिटीने खालच्या टाकीत फ्लोट स्विच बसवला. पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की पंप आपोआप बंद. रविवारी रात्री काकूंच्या दारावरून गेले, तर आत बादल्या भरण्याचा आवाज. सोमवारी साडेसहाला पाणी आलं. लिफ्टमध्ये मी म्हटलं, “काकू, आलं की हो आज.”

“आलं ना,” काकू म्हणाल्या, “पण पाचातले चार अजून माझेच आहेत.”